तारा म्हातारा कशाने होतो, आणि कृष्णद्रव्य त्यात कुठे बसतं

सिंहगड रोडवर राहणाऱ्या एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: "माझी मुलगी नववीत आहे. एका व्याख्यानात तिने ऐकलं की आकाशगंगेच्या मध्याजवळचे काही तारे कृष्णद्रव्यावर जगत असावेत आणि त्यामुळे ते म्हातारेच होत नाहीत. घरी येऊन ती म्हणाली, विश्वात साध्या द्रव्याच्या पाचपट कृष्णद्रव्य असेल तर आपल्या सूर्यातही ते असणारच. मग सूर्याचं वय आणि उरलेलं आयुष्य आपण चुकीचं मोजतोय का? मला उत्तर देता आलं नाही."

आधी मुलीला माझी शाबासकी सांगा. पाचास एक हे प्रमाण तिने नुसतं ऐकून सोडून दिलं नाही, ते सूर्याला लावून पाहिलं. उत्तर मात्र एका वाक्यात देता येणार नाही, कारण तिच्या प्रश्नात तीन प्रश्न गुंतले आहेत. सूर्यात कृष्णद्रव्य आहे किती, ते असलं तर ताऱ्याच्या म्हातारपणावर काय परिणाम करेल, आणि आम्ही ताऱ्यांची वयं सांगतो ती कशाच्या भरवशावर. मी गेली बावीस वर्षं पुण्यात ताऱ्यांच्या अंतरंगाची गणितं करतो आहे. म्हणजे संगणकात तारा जन्माला घालायचा आणि तो विझेपर्यंत त्याच्या पोटात काय चाललंय ते बघत राहायचं. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो: कृष्णद्रव्य, म्हणजे इंग्रजीतलं डार्क मॅटर, कशाचं बनलंय हे अजून कोणालाही ठाऊक नाही. त्याचं गुरुत्वाकर्षण दिसतं, कण सापडलेला नाही. त्यामुळे पुढचं बरंचसं "कण असा असेल तर असं" या रीतीनेच सांगावं लागेल.

म्हातारपणापासून सुरू करू. ताऱ्याचं म्हातारपण वर्षांवरून कळत नाही. कृत्तिकांचा पुंजका दहा-बारा कोटी वर्षांचा आहे आणि सूर्य ४.६ अब्ज वर्षांचा, तरी सूर्य आज ऐन मध्यान्हीला आहे आणि कृत्तिकांमधल्या सगळ्यात तेजस्वी ताऱ्यांची दुपार कलायला लागली आहे. जड तारा इंधन उधळतो. सूर्याच्या दहापट वजनाचा तारा दोन-तीन कोटी वर्षांत आटोपतो, सूर्याला हायड्रोजन जाळत शांतपणे जगायला सुमारे दहा अब्ज वर्षं मिळतात, आणि सूर्याच्या निम्म्या वजनाचा तारा विश्वाच्या आजच्या वयापेक्षा कितीतरी जास्त टिकतो. म्हणून आम्ही "वय" म्हणतो तेव्हा आमच्या मनात गाभ्यातला हायड्रोजनचा साठा असतो. सूर्याच्या केंद्रात जन्माच्या वेळी वजनाने सुमारे ७० टक्के हायड्रोजन होता, आज ३५ टक्क्यांच्या आसपास उरलाय. दर सेकंदाला साधारण ६० कोटी टन हायड्रोजनचं हेलियम होतं आणि त्यातले जवळपास ४० लाख टन ऊर्जा बनून बाहेर पडतात.

मी विद्यार्थ्यांना हे घरखर्चाच्या भाषेत सांगतो. तारा म्हणजे ठेव मोडून चालणारं घर. महिन्याचा खर्च, म्हणजे ताऱ्याची दीप्ती (दर सेकंदाला तो बाहेर टाकतो ती ऊर्जा), मुख्यतः त्याच्या वजनावर ठरतो आणि त्यात फारशी काटकसर करता येत नाही. ठेव म्हणजे गाभ्यातला हायड्रोजन. ठेव संपत आली की म्हातारपण आलं. आता या घरात कृष्णद्रव्य कुठून शिरेल? एक तर बाहेरून मनीऑर्डर यावी तशी जास्तीची ऊर्जा आणून देईल. नाहीतर एका खिशातला पैसा दुसऱ्या खिशात टाकेल, म्हणजे गाभ्यातली उष्णता इकडून तिकडे नेईल. किंवा घरातला पैसा गुपचूप बाहेर काढेल. पहिल्याने आयुष्य वाढतं, तिसऱ्याने घटतं, आणि दुसऱ्याचं काय होतं ते तारा कोणता त्यावर ठरतं.

आता मुलीचा मूळ मुद्दा, पाचास एक. हे प्रमाण सबंध विश्वाचं आहे, सूर्याचं नाही. साधा वायू दाबला की तापतो, तापला की प्रकाश बाहेर टाकतो, ऊर्जा गेली की आणखी आकसतो. असं होत होतच ढगाचा तारा झाला. कृष्णद्रव्य प्रकाश टाकत नाही, त्यामुळे त्याची ऊर्जा जायला वाटच नाही. ते आकसत नाही, दीर्घिकेभोवती प्रचंड विरळ पसरून राहतं. किती विरळ? सूर्याच्या शेजारात एका घन सेंटिमीटरमध्ये एका प्रोटॉनच्या वजनाच्या साधारण तिसऱ्या भागाइतकं. सबंध पृथ्वी जितकी जागा व्यापते तेवढ्या जागेत कोणत्याही क्षणी मिळून कृष्णद्रव्य भरेल अर्धा-पाऊण किलो. वाण्याकडून आणलेल्या साखरेच्या पुडीएवढं. हा आकडा मी पहिल्यांदा स्वतः काढला तेव्हा दशांश चिन्ह चुकलं असं वाटून तीनदा तपासला होता.

यावर वर्गात कोणीतरी हमखास म्हणतं, "पण सर, थेंबे थेंबे तळे साचे." बरोबर आहे, सूर्य ४.६ अब्ज वर्षं हे कण गोळा करतो आहे. म्हणून तो हिशेबही करून बघू. कृष्णद्रव्याचे कण दर सेकंदाला अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटर वेगाने फिरत असतात. एखादा कण सूर्याकडे आला की गुरुत्वाकर्षणाने त्याचा वेग वाढतो. सूर्याच्या पृष्ठभागावरचा सुटकेचा वेग सेकंदाला ६१८ किलोमीटर आहे. आत जाताना त्या कणाची एखाद्या अणुकेंद्रकाशी टक्कर झाली आणि त्याचा वेग पुरेसा घटला, तर तो परत सुटत नाही. फेऱ्या मारत, आणखी टकरा खात तो गाभ्यात जाऊन बसतो. टक्कर झालीच नाही तर आरपार निघून जातो. आपण सूर्याला जास्तीत जास्त उदार हात देऊ आणि धरू की त्याच्या वाटेत आलेला प्रत्येक कण अडकतो, एकही सुटत नाही. शिवाय असंही धरू की हे कण एकमेकांना भेटले की नष्ट होतात आणि त्यांचं सगळं वस्तुमान ऊर्जा बनून सूर्यालाच मिळतं. तरीसुद्धा सूर्याच्या दीप्तीच्या मानाने ही कमाई पंचवीस लाखांत एक भाग भरते. घरखर्च पंचवीस लाख रुपये असेल तर एक रुपयाची मनीऑर्डर. आणि कण नष्ट न होता नुसते साचत गेले असं धरलं, तर ४.६ अब्ज वर्षांत साचलेलं तळं चंद्राच्या वस्तुमानाच्या जेमतेम अडीचशेव्या-तीनशेव्या भागाएवढं होतं. प्रत्यक्षातला आकडा याहून कितीतरी खाली असणार, कारण हे कण अणुकेंद्रकांना फार क्वचित धडकतात हे जमिनीखालच्या प्रयोगांनी दाखवून दिलंय.

म्हणजे सूर्यापुरतं उत्तर झालं. त्याच्या वजनात आणि ऊर्जेच्या जमाखर्चात कृष्णद्रव्य खिजगणतीतही नाही.

पण एवढ्यावर थांबलो तर तिने व्याख्यानात ऐकलं ते खोटं होतं असं होईल, आणि ते खोटं नव्हतं. वरच्या हिशेबात एक आकडा जागेवर अवलंबून आहे, तो म्हणजे कृष्णद्रव्याची घनता. जिथे ती आपल्या शेजारापेक्षा पंचवीस-तीस लाख पट असेल आणि कण पुरेसे अडकत असतील, तिथे मनीऑर्डर घरखर्चाएवढी होईल. ताऱ्याचा पत्ता महत्त्वाचा आहे तो यासाठी.

अशा पत्त्यावर काय होईल हे मी एकदा एका विद्यार्थिनीबरोबर करून पाहिलं होतं. ताऱ्यांची उत्क्रांती मोजणारी मेसा नावाची एक मुक्त संगणकप्रणाली आहे, जगभर वापरतात, घरच्या संगणकावरही चालते. ताऱ्याच्या पोटात बाहेरची उष्णता घालून बघायची सोय त्यात आहे. आम्ही सूर्याएवढा तारा घेतला आणि त्याच्या केंद्रात दीप्तीच्या दहा टक्के उष्णता फुकट ओतली. ती पडद्याकडे बघत म्हणाली, "सर, काहीतरी उलटं लागलंय." केंद्राचं तापमान १ कोटी ५७ लाख अंशांवरून वर चढायला हवं होतं, आणि आकड्यांचा तो रकाना ओळीओळीने खाली सरकत होता. उलटं काहीच लागलेलं नव्हतं, ताऱ्याचा स्वभावच तसा आहे. चुलीत लाकूड वाढवलं की चूल तापते. ताऱ्याला आतून जास्त उष्णता दिली की तो किंचित फुगतो, फुगला की गाभा थोडा निवतो, गाभा निवला की अणुसंमीलन, म्हणजे हायड्रोजनचं हेलियम होणं, मंदावतं. बाहेर पडणारा प्रकाश जवळपास तेवढाच राहतो, आपली कमाई मात्र तारा दहा टक्क्यांनी आखडती घेतो. ठेव हळू मोडते आणि आयुष्य लांबतं. ती विद्यार्थिनी त्या संध्याकाळी शेवटची बस चुकेपर्यंत उष्णता वाढवत बसली होती. वीस टक्के, पन्नास टक्के, ऐंशी टक्के. शंभराच्या पुढे गेल्यावर संमीलन जवळजवळ बंदच पडलं आणि तारा फुगत, तांबडा होत तेज-तापमानाच्या आलेखावर उलट पावली निघाला, जन्माच्या वेळी ज्या वाटेने आला होता त्याच वाटेने परत. दिसायला बाळ, वयाने कितीही. त्या आलेखाची छापलेली प्रत अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.

तुमच्या मुलीने ऐकलं ते याच जातीचं काम. आकाशगंगेच्या केंद्रात, आपल्यापासून सुमारे २६-२७ हजार प्रकाशवर्षांवर, सूर्याच्या चाळीस लाखपटींहून जड कृष्णविवर आहे. त्याच्याभोवती अगदी जवळून फिरणारे तारे आहेत. त्यातला एस-२ नावाचा तारा सोळा वर्षांत एक फेरी पुरी करतो आणि २०१८ मध्ये कृष्णविवराच्या सगळ्यात जवळ आला तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सात हजार किलोमीटरच्या वर गेला होता. याच ताऱ्यांच्या कक्षा वर्षानुवर्षं मोजल्याबद्दल राइनहार्ड गेन्झेल आणि अँड्रिया गेझ यांना २०२० चं नोबेल मिळालं. कोडं असं की हे तारे जड आहेत आणि तरुण दिसतात. इतक्या धकाधकीच्या जागी वायूचा ढग शांतपणे आकसून तारा होणं अवघड, मग ही पोरं तिथे आली कुठून? २०२४ मध्ये इसाबेल जॉन, रेबेका लीन आणि टिम लिंडन यांनी संगणकावर दाखवलं की केंद्राजवळ कृष्णद्रव्य पुरेसं दाट असेल आणि त्याचे कण एकमेकांना नष्ट करत असतील, तर तिथले तारे त्या ऊर्जेवर जवळजवळ कायमचे तरुण राहू शकतात. हायड्रोजन तसाच पडून राहतो आणि मनीऑर्डर येत राहते.

माझं मत विचाराल तर मला ही कल्पना मनापासून आवडते, आणि तरीही तिच्यावर पैज लावायला मी आज तयार नाही. केंद्राजवळ कृष्णद्रव्याची घनता किती, यावरच एकमत नाही. काही गणितांत ती आत जाताना टोकदार चढते. पाओलो गोंदोलो आणि जोसेफ सिल्क यांनी १९९९ मध्ये दाखवलं होतं की कृष्णविवराभोवती तिचा सुळका उभा राहू शकतो. काही गणितांत ती मध्यभागी सपाट होते. शिवाय या कोड्याला साधी उत्तरंही आहेत. कृष्णविवराभोवतीच्या वायूच्या दाट चकतीत तारे जन्मले असतील. किंवा बाहेरून ताऱ्यांची जोडी आत आली, कृष्णविवराने एकाला धरून ठेवलं आणि दुसरा भिरकावला गेला. ही दुसरी शक्यता जॅक हिल्स यांनी १९८८ मध्येच मांडली होती, आणि आकाशगंगेतून प्रचंड वेगाने सुटत चाललेले तारे खरोखर सापडले आहेत. तेव्हा कौल लागायला हवा तो मोजणीने. तिथल्या फिकट, हलक्या ताऱ्यांचं तेज आणि तापमान नीट मोजता आलं आणि ते त्या आलेखावरच्या साध्या ताऱ्यांच्या नेहमीच्या रांगेपासून एका ठरावीक बाजूला सरकलेले दिसले, तर मी मत बदलेन.

याच कल्पनेचं दुसरं टोक विश्वाच्या बालपणात आहे. तेव्हा कृष्णद्रव्य आजच्यापेक्षा दाट होतं आणि पहिले तारे त्याच्या लहान गोळ्यांच्या अगदी मधोमध जन्मत होते. डग्लस स्पोल्यार, कॅथरिन फ्रीझ आणि पाओलो गोंदोलो यांनी २००८ मध्ये मांडलं की त्यातले काही तारे संमीलन सुरू होण्याआधीच कृष्णद्रव्याच्या ऊर्जेवर तगले असतील. त्यांना ते कृष्णतारे म्हणतात. नाव काहीही असो, असा तारा असला तर तो अंधारा नसणार, चांगला झळझळीत असेल. जेम्स वेब दुर्बिणीला दिसलेल्या तीन दूरच्या वस्तू तशा असू शकतील असं २०२३ मध्ये सुचवलं गेलं. त्या साध्या दीर्घिकाही असू शकतात.

आता खिसे बदलण्याची गोष्ट, कारण तिचा इतिहास मला फार जवळचा वाटतो. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत साउथ डाकोटातल्या होमस्टेक सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली जवळपास दीड किलोमीटरवर, रे डेव्हिस यांनी कपडे ड्रायक्लीन करायला वापरतात त्या द्रवाची सहाशे टनांची टाकी भरली. सूर्याच्या गाभ्यातल्या संमीलनातून येणारे, जवळजवळ कशालाच न अडणारे न्यूट्रिनो नावाचे कण तिच्यात मोजायचे होते. सापडले अपेक्षेच्या साधारण तिसरा हिस्सा. वर्षं गेली, प्रयोग पुन्हा पुन्हा तपासला, आकडा हलेना. सूर्याचा गाभा आम्ही समजतो त्यापेक्षा थंड असेल, तर हिशेब जुळत होता. १९८५ मध्ये डेव्हिड स्परगेल आणि विल्यम प्रेस यांनी सुचवलं की सूर्यात अडकलेले कृष्णद्रव्याचे थोडेसे कण केंद्रातली उष्णता उचलून जरा बाहेर नेत असतील. असा कण एकदा टक्कर खाऊन निघाला की पुढची टक्कर होईपर्यंत लांबचा पल्ला गाठतो, म्हणून मूठभर कणही बरीच उष्णता वाहू शकतात. केंद्र निवेल आणि न्यूट्रिनो घटतील. एकाच कणाने दोन कोडी सुटत होती. सुंदर होतं, आणि चूक निघालं. सूर्य आमच्या समजुतीप्रमाणेच तापलेला होता, न्यूट्रिनोच वाटेत जात बदलत होते आणि डेव्हिस यांच्या टाकीला त्यातली एकच जात दिसत होती. कॅनडातल्या सडबरीच्या प्रयोगाने २००१-०२ मध्ये ते पक्कं केलं. डेव्हिस यांना २००२ मध्ये नोबेल मिळालं. आज त्याच होमस्टेकमध्ये, डेव्हिस यांच्याच गुहेत, एलझेड हा द्रवरूप झेनॉनचा प्रयोग कृष्णद्रव्याच्या कणाची वाट बघतो आहे.

गाभा थंड नाही हे न्यूट्रिनोंचं कोडं सुटण्याआधीच आणखी एका साक्षीदाराने सांगितलं होतं. सूर्य पाच-पाच मिनिटांच्या लयीत थरथरतो. ती थरथर चोवीस तास मोजायला जगभर सहा दुर्बिणी आहेत आणि त्यातली एक उदयपूरला आहे. भूकंपाच्या लहरींवरून पृथ्वीचं पोट कळतं तसं या थरथरीवरून सूर्याचं. मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये एच. एम. अँटिया आणि शशिकुमार चित्रे यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं. सूर्याच्या आतला ध्वनीचा वेग आमच्या गणिताशी एक टक्क्याच्या आत जुळतो. कृष्णद्रव्याने केंद्रात मोठी ढवळाढवळ केली असती तर ती इथे लपली नसती.

जड ताऱ्यांत मात्र खिसे बदलणं महागात पडू शकतं. तुमच्या मुलीने शाळेत वहन, अभिसरण आणि प्रारण शिकलेलं असेल. व्याधासारख्या, सूर्याच्या दुप्पट वजनाच्या ताऱ्याच्या गाभ्यात अभिसरण चालतं. डाळ उकळताना वरची खाली आणि खालची वर येत राहते, तसा आसपासचा ताजा हायड्रोजन केंद्राला मिळत राहतो. कृष्णद्रव्याने उष्णता परस्पर वाहून नेली तर केंद्र आणि भोवताल यांच्या तापमानातला फरक कमी होतो आणि ही उकळी थांबू शकते. मग केंद्राच्या वाट्याला कमी इंधन येतं आणि तारा लवकर म्हातारा होतो. म्हणजे "कृष्णद्रव्याने आयुष्य वाढतं" हे सरसकट खरं नाही. कण एकमेकांना नष्ट करणारे असतील तर वाढेल, नुसते साचणारे असतील तर अशा ताऱ्याचं घटेल. अर्थात दोन्ही गोष्टी कृष्णद्रव्य दाट असेल अशाच जागी. व्याध आपल्याच शेजारात आहे, त्याला यातली कसलीच भीती नाही.

राहिला गुपचूप पैसा बाहेर काढणारा. इथे पत्त्याचा प्रश्न येत नाही, म्हणून मला हा भाग सगळ्यात भक्कम वाटतो. कृष्णद्रव्य अॅक्सिऑन नावाच्या अतिशय हलक्या कणांचं असेल, तर तसे कण ताऱ्याच्या तापलेल्या पोटात तयारही होऊ शकतात. बाहेरून काही अडकावं लागत नाही. प्रकाशाला गाभ्यातून पृष्ठभागापर्यंत यायला हजारो वर्षं लागतात, अॅक्सिऑन थेट बाहेर पडेल आणि जाताना उष्णता घेऊन जाईल. खर्च वाढला की ठेव लवकर मोडणार. आणि हे आपण आकाशात मोजू शकतो, त्यासाठी एका ताऱ्याचं वय ठाऊक असायचीही गरज नाही.

लग्नाच्या पंगतीत किती माणसं कोणत्या वेळी पानावर असतात यावरून जेवणाचा कुठला टप्पा किती वेळ चालतो ते सांगता येतं. भाताच्या वेळी नेहमी थोडीच पानं दिसत असतील तर भात पटकन आटोपतो आहे. गोलाकार तारकागुच्छांत लाखो तारे असतात, जवळजवळ एकाच वयाचे. तिथे हायड्रोजन संपवून फुगलेले तांबडे राक्षसी तारे मोजायचे, आणि त्या टप्प्यातून पुढे जाऊन गाभ्यात हेलियम जाळणारे तारेही मोजायचे. अॅक्सिऑन उष्णता चोरत असतील तर हेलियमचा टप्पा लवकर आटोपेल आणि दुसऱ्या गटातले तारे कमी दिसतील. ३९ तारकागुच्छांत अशी मोजणी झाली आहे. हेलियमवाल्या ताऱ्यांच्या पातळीहून तेजस्वी असे तांबडे राक्षस शंभर धरले, तर हेलियमवाले साधारण १३९ निघतात. गणिताला हवे जवळजवळ तितकेच, चोरीला फारशी जागा नाही. याच मोजणीवरून २०१४ मध्ये अॅक्सिऑन आणि प्रकाश यांच्यातल्या नात्यावर जी मर्यादा घातली गेली, तीच मर्यादा युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेत सूर्याकडे रोखलेल्या चुंबकाच्या प्रयोगाने २०१७ मध्ये वेगळ्या वाटेने गाठली. म्हातारे तारे मोजून काढलेला आकडा आणि प्रयोगशाळेतला आकडा एका जागी येऊन भेटले, हे वाचलं त्या दिवशी मी वर्गात ठरलेला विषय बाजूला ठेवून तासभर हेच शिकवलं.

एक आपल्या घराजवळचीही साक्ष आहे. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची जीएमआरटी आहे. तिने शोधलेल्या स्पंदकांत, म्हणजे गिरक्या घेत रेडिओ ठोके देणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यांत, सेकंदाला शेकडो गिरक्या घेणारे आहेत, आणि असे स्पंदक अब्जावधी वर्षांचे असतात. न्यूट्रॉन तारा इतका दाट असतो की तिथे कण आरपार निसटणं कठीण. नष्ट न होणारे काही प्रकारचे कण त्यात साचत गेले असते, तर शेवटी आतल्या आत छोटं कृष्णविवर तयार होऊन त्याने तारा गिळला असता. जुने स्पंदक अजून टिकटिकताहेत, म्हणजे तसे काही प्रकार बाद झाले.

शेवटी वयांचा भरवसा. सूर्याचं वय आम्ही सूर्याला विचारून ठरवलेलंच नाही. ते उल्कापाषाणांतल्या किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून आलंय. १९६९ मध्ये मेक्सिकोत पडलेल्या अलेंदे पाषाणात सापडतात तसे सूर्यमालेतले सगळ्यात जुने कण ४.५६७ अब्ज वर्षांचे आहेत. ४, ५, ६, ७, लक्षात ठेवायला सोपं. सूर्याच्या थरथरीवरून गाभ्यात हेलियम किती साचलंय ते काढलं, तर तेही वय साधारण तेवढंच येतं. एक घड्याळ दगडातलं, दुसरं सूर्याच्या पोटातलं, आणि दोन्हींत एकच वेळ. कृष्णद्रव्याने सूर्याचं म्हातारपण पुढे-मागे ढकललं असतं तर ही घड्याळं जुळली नसती.

इतर ताऱ्यांची वयं आम्ही चुकतो, आणि चांगली दहा-वीस टक्क्यांनी चुकतो, पण त्याची कारणं घरगुती आहेत. अंतर नीट ठाऊक नसणं, हेलियम किती ते थेट न दिसणं, ऑक्सिजनचं प्रमाण, अभिसरणाचं कच्चं गणित. तूळ राशीत एचडी १४०२८३ नावाचा तारा आहे. २०१३ मध्ये त्याचं वय १४.५ अब्ज वर्षांच्या आसपास निघालं होतं, ८० कोटी वर्षं इकडे-तिकडे. विश्व १३.८ अब्ज वर्षांचं, म्हणून वर्तमानपत्रांत बराच गाजावाजा झाला. पुढच्या मोजमापांत ते वय खाली आलं. त्यासाठी कृष्णद्रव्याची गरज पडली नाही. माझ्यासमोर एखादा तारा वयात बसत नसेल तर मी आधी त्याचं अंतर तपासतो, मग रासायनिक प्रमाणं, मग त्याला कोणी जोडीदार आहे का ते. कृष्णद्रव्याचा नंबर फार मागे लागतो, आणि तोही तारा आकाशगंगेच्या केंद्राजवळ असेल तरच.

मुलीला हे दाखवायचं असेल तर मेच्या शेवटी, पावसाआधी, अमावास्येच्या आसपासची रात्र धरा. खडकवासल्याच्या पुढे पानशेतच्या दिशेला जा, शहराचा उजेड मागे पडू द्या. मध्यरात्रीच्या सुमाराला दक्षिणेकडे तोंड केलंत की वृश्चिकातली तांबूस ज्येष्ठा समोर दिसेल. साधी दहा बाय पन्नासची द्विनेत्री तिच्यावर रोखा आणि किंचित उजवीकडे सरका. फुंकर मारल्यासारखा एक धुरकट गोळा दिसेल. तो एम ४, सुमारे सहा हजार प्रकाशवर्षांवरचा गोलाकार तारकागुच्छ. हबल दुर्बिणीने त्यातले निवत चाललेले श्वेत बटू, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्यांचे उरलेले गाभे, मोजले आणि त्यांच्या निवण्यावरून २००२ मध्ये त्याचं वय १२.७ अब्ज वर्षं काढलं गेलं. द्विनेत्रीतून सुटे तारे दिसणार नाहीत. एखाद्या हौशी मंडळाची आठ इंची दुर्बीण मिळाली तर दिसतील, आणि त्यातले सगळ्यात ठळक जे असतील ते बहुतेक ठेव मोडून झालेले तांबडे राक्षस. तिला ते मोजायला सांगा. आणि कागदावर करायला वरचा पंचवीस लाखांचा हिशेब द्या. त्याला लागणारे आकडे असे: सूर्याची त्रिज्या सात लाख किलोमीटर, दीप्ती ३.८ गुणिले १० चा २६ वा घात वॅट, कणांचा वेग सेकंदाला २७० किलोमीटर, सूर्याच्या ओढीमुळे वाट्याला येणारे कण सहापट, आणि घनता प्रोटॉनच्या वजनाच्या ०.४ पट दर घन सेंटिमीटरला. गुणाकार तिला जमेल. कुठे अडली तर तिची वही पाठवा, मी बघतो.